लवकर गेलेली पाळी, गुठळीचा धोका आणि हॉर्मोन: सुरुवात कशी करावी

पाळी चाळिशीच्या आतबाहेर कायमची थांबली आणि पूर्वी कधी पायाच्या नसेत गुठळी होऊन गेली असेल, किंवा आईला-बहिणीला झालेली असेल, तर बाईला बहुतेक वेळा एकच वाक्य ऐकून घरी यावं लागतं: तुम्हाला हॉर्मोन चालणार नाहीत. हे वाक्य अर्धं आहे. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात बनणारं मुख्य स्त्री-हॉर्मोन, गुठळीचा धोका वाढवतं. त्वचेतून घेतलेलं इस्ट्रोजेन नेहमीच्या मात्रेत तो वाढवताना दिसलेलं नाही. औषध एकच, वाट वेगळी. पुढचं सगळं या फरकावर उभं आहे.

औषध लिहून देणं हे स्त्रीरोगतज्ज्ञांचं काम, आणि गुठळी होऊन गेली असेल तर सोबत फिजिशियन किंवा रक्तविकारतज्ज्ञांचंही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या वाडीवरून या दोघांना गाठायचं म्हणजे दोन दिवस मोडतात. म्हणून कागद लावून जायचं, नेमकं विचारायचं आणि आणलेलं औषध बरोबर वापरायचं. एवढं आपल्या हातात आहे.

आधी निदान पक्कं करा

४५ वर्षांच्या आत पाळी गेली तर ती लवकर गेली असं धरतात. ४० च्या आत थांबली तर अंडाशयांचं काम अकाली मंदावलं असं म्हणतात. रिपोर्टवर ते 'प्रायमरी ओव्हेरियन इन्सफिशिअन्सी' किंवा 'पीओआय' असं दिसेल. दोन्हीत उपचाराची दिशा एकच.

सगळ्यात आधी गर्भधारणेची चाचणी. हसू नका, ४२ व्या वर्षी थांबलेली पाळी कधी कधी दिवस गेल्यामुळे थांबलेली असते. मग रक्तातली ही हॉर्मोनं: एफएसएच (अंडाशयांना चालना देणारं, ते थकले की वाढतं), इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि प्रोलॅक्टिन (दुधाशी संबंधित). चार महिने किंवा त्याहून जास्त पाळी नाही किंवा अगदी अनियमित आहे, आणि एफएसएच २५ च्या वर आहे, तर निदानाला आधार मिळतो. शंका असेल तर ४ ते ६ आठवड्यांनी एफएसएच पुन्हा करतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना केलेला एफएसएच विश्वासाचा नसतो. केसांसाठी किंवा नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर त्या तपासणीच्या आधी किमान दोन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा. बायोटिनमुळे एफएसएच खोटा कमी आणि इस्ट्राडिओल खोटं जास्त येऊ शकतं, आणि सगळं नॉर्मल आहे म्हणून बाई परत पाठवली जाते.

गर्भपिशवी काढलेल्या बायकांचं वेगळं आहे. ऑपरेशनची फाइल बाहेर काढा आणि डिस्चार्ज कार्डावर एक गोष्ट शोधा: अंडाशय ठेवलेत की काढलेत? कार्डावर नसेल तर काढलेल्या भागाच्या तपासणीचा कागद, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट, मागा. त्यात नेमकं लिहिलेलं असतं. दोन्ही अंडाशय काढले असतील तर पाळी जाणं त्याच दिवशी झालं. तिथे एफएसएचची वाट पाहायचं कारण नाही आणि त्रासही जोराचा असतो. अंडाशय ठेवले असले तरी ते काही वर्षं आधी थकू शकतात, आणि पाळी नसल्यामुळे ते कळायला खूण उरत नाही. अंगातून वाफा निघणं, रात्री घामाने पोलकं भिजणं, झोप तुटणं सुरू झालं की एफएसएच करून घ्या.

वय ४० च्या आत असेल तर गुणसूत्रांची तपासणी, फ्रॅजाइल एक्सची जनुक तपासणी आणि थायरॉइड व अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींविरुद्धची प्रतिद्रव्यं यांबद्दल विचारा. खर्च आहे, पण यातल्या काहींचा संबंध हृदयाशी असतो, काहींचा पुढच्या पिढीशी. बहिणीला किंवा मुलीलाही त्याचा उपयोग होतो.

हॉर्मोन न घेणं हाही एक निर्णयच आहे

आपल्याकडे पाळी गेली की सुटले अशी भावना असते, आणि पन्नाशीला ती ठीकही आहे. ३८ व्या वर्षी नाही. इस्ट्रोजेनविना जाणाऱ्या प्रत्येक वर्षात हाडं विरळ होतात, रक्तवाहिन्यांचं संरक्षण कमी होतं, योनीमार्ग कोरडा पडतो, लघवीची जळजळ वारंवार होते. म्हणून नैसर्गिकरीत्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत, साधारण ५० पर्यंत, शरीरात नसलेलं इस्ट्रोजेन भरून द्यावं असा सल्ला असतो. इथे हॉर्मोन म्हणजे वाढीव काही देणं नव्हे. त्या वयाच्या इतर बायकांच्या अंगात जे असतं, तेच परत करणं आहे.

हॉर्मोनने कॅन्सर आणि हार्ट अटॅक येतो ही भीती मुख्यतः २००२ साली जाहीर झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून आली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध तोंडावाटे होतं. तो निकाल चाळिशीतल्या बाईला जसाच्या तसा लावणं चुकीचं आहे.

गुठळीचा धोका कागदावर मांडा

"मला गुठळी झाली होती" एवढ्याने डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. एका कागदावर हे लिहून न्या: कोणत्या साली, कुठे (पायात, फुप्फुसात, मेंदूत, पोटात), तेव्हा काय चालू होतं, डॉप्लर (नसांची सोनोग्राफी) किंवा सीटी स्कॅन झालं होतं का, रक्त पातळ करण्याची गोळी किती महिने घेतली. तेव्हा काय चालू होतं, हा भाग सर्वांत मोलाचा. पाय मोडून प्लास्टरमध्ये असताना झालेली गुठळी आणि काही कारण नसताना झालेली गुठळी यांचं वजन सारखं नसतं. बाळंतपणात, बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत किंवा गर्भनिरोधक गोळी चालू असताना झालेली गुठळी हॉर्मोनशी जोडलेली मानतात, आणि ती सांगायची राहून जाते. "बाळंतपणात पाय सुजला होता, दोन महिने इंजेक्शनं घेतली" अशी घरातल्या मोठ्या बायकांना आठवण असेल तर ती लिहून घ्या.

मग घरच्यांचं: आईवडील, भावंडं, मुलं यांपैकी कुणाला ५० च्या आत गुठळी झाली का. मग स्वतःचं: १० आठवड्यांनंतर गर्भ गेला होता का, किंवा त्याआधी तीन वेळा गर्भपात झाला का, कारण यामागे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, म्हणजे शरीराच्याच प्रतिद्रव्यांमुळे गुठळ्या होण्याचा आजार, असू शकतो. वजन, उंची, रक्तदाब. बिडी-सिगारेट तर सांगाच, पण मशेरीही सांगा. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि कोकणात कित्येक बायका ती 'व्यसन' या सदरात मोजतच नाहीत.

नुसत्या व्हेरिकोज व्हेन्स, म्हणजे पायाच्या फुगलेल्या निळ्या शिरा, असल्या म्हणून हॉर्मोन बंद असं नसतं. वरच्या शिरा आणि खोल नस या दोन वेगळ्या गोष्टी.

गुठळीच्या रक्ततपासण्यांमध्ये पैसे सर्वाधिक वाया जातात

फॅक्टर फाइव्ह लायडन, प्रोथ्रॉम्बिन जनुक, प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटीथ्रॉम्बिन, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन, बीटा-टू ग्लायकोप्रोटीन अशी ही यादी. सरसकट सगळ्यांना ती लागत नाही. स्वतःला गुठळी झाली असेल किंवा जवळच्या नात्यात कमी वयात झाली असेल तर डॉक्टर त्यातून निवडतात. डी-डायमर ही तपासणी यासाठी नाही. ती आत्ता गुठळी आहे का हे पाहताना कामाची.

वेळ चुकली तर रिपोर्ट खोटा येतो. वॉरफरिन ही रक्त पातळ करण्याची जुनी गोळी चालू असताना प्रोटीन सी आणि एस कमीच दिसणार, कारण ते औषध तेच करतं. रक्त पातळ करणारं हेपॅरिनचं इंजेक्शन अँटीथ्रॉम्बिन उतरवतं. नव्या गोळ्या, जसं रिव्हारॉक्सबान किंवा अ‍ॅपिक्सबान, ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटचा निकाल बिघडवतात. गरोदरपणात आणि इस्ट्रोजेन चालू असताना प्रोटीन एस खाली येतं. ताजी गुठळी असतानाही या पातळ्या उतरलेल्या असतात. अँटीफॉस्फोलिपिडच्या तपासण्या एकदा पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा कराव्या लागतात, एकदाच्या निकालावर निदान होत नाही.

दुसरी अडचण प्रवासाची. प्रोटीन सी, एस आणि ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटसाठी निळ्या झाकणाच्या नळीत रक्त घेतात, आणि साधारण चार तासांच्या आत त्यातला द्राव वेगळा करून गोठवावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी दुपारी घेतलेली नळी तशीच रात्रीच्या गाडीने मुंबईला गेली, तर आलेला 'कमी' हा आकडा उन्हाचा आणि उशिराचाही असू शकतो. कलेक्शन सेंटरला सरळ विचारा: नमुना इथे वेगळा करून गोठवता का? नाही म्हणाले तर जिथे तपासणी होते तिथेच जाऊन रक्त द्या. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे, तिचं कामच रक्ताच्या अशा विकारांवर आहे. सावंतवाडी-दोडामार्गकडून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं. फॅक्टर फाइव्ह लायडन आणि प्रोथ्रॉम्बिन या जनुकाच्या तपासण्या आहेत. त्या केव्हाही करता येतात आणि गोळ्यांचा त्यांच्यावर परिणाम होत नाही.

एक लक्षात ठेवा: सगळ्या तपासण्या नॉर्मल आल्या तरी होऊन गेलेली गुठळी पुसली जात नाही. इतिहास रिपोर्टपेक्षा वरचढ.

त्वचेची वाट का

गिळलेली गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते. तिथे इस्ट्रोजेनचा मोठा डोस एकदम पोचतो आणि यकृत रक्त गोठवणारे घटक जास्त बनवू लागतं, गोठणं थोपवणारे कमी. जेल किंवा कातडीवर चिकटवायच्या पट्टीतलं इस्ट्राडिओल त्वचेखालच्या रक्तात थेट उतरतं आणि थोडं थोडं सर्वांगात फिरतं. यकृताला तो झटका बसत नाही. फ्रान्समध्ये २००३ आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या 'एस्थर' अभ्यासात तोंडावाटे घेणाऱ्यांत गुठळीचा धोका तीन-चारपट दिसला, त्वचेवाटे घेणाऱ्यांत वाढ दिसली नाही. जनुकात गुठळीची प्रवृत्ती असलेल्या बायकांतही याच संशोधकांना तसंच आढळलं. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ८० हजार गुठळीग्रस्त बायकांच्या नोंदींवरून निघालेला निष्कर्षही तोच. या अभ्यासांतल्या बायका बहुतेक वयाने मोठ्या होत्या, त्यामुळे तरुण वयात मात्रा ठरवताना डॉक्टर जपून पावलं टाकतात. पण दिशा स्पष्ट आहे.

आता मेडिकलच्या काउंटरवर काय होतं ते पाहा. चिठ्ठीत इस्ट्राडिओल जेल लिहिलेलं असतं, दुकानात नसतं, आणि "हे घ्या, सेम आहे" म्हणून इस्ट्राडिओल व्हॅलरेटच्या १ किंवा २ मिलिग्रॅमच्या गोळ्या हातात पडतात. नाव जवळपास तेच, म्हणून बाईही घेते. तुमच्यासाठी हा बदल क्षुल्लक नाही. गोळी आली की ज्या कारणासाठी जेल लिहिलं तेच कारण गेलं. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर "फक्त त्वचेवाटे, तोंडावाटे इस्ट्रोजेन देऊ नये" असं लिहून घ्या आणि ट्यूब संपायच्या दहा दिवस आधी मागणी नोंदवा. गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच. तरुण बायकांना पीओआयमध्ये कधी कधी त्या दिल्या जातात, पण बहुतेक गोळ्यांत इथिनिल इस्ट्राडिओल हे कृत्रिम इस्ट्रोजेन असतं आणि ते गुठळीच्या बाबतीत जास्त धोक्याचं. गुठळीचा इतिहास असेल तर त्या वर्ज्य.

केव्हा सुरू करायचं नाही

आत्ता गुठळी आहे आणि उपचार सुरू झालेला नाही, नुकताच पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊन गेलाय, स्तनाचा कर्करोग झालेला आहे, अंगावरून रक्त जातंय आणि कारण कळलेलं नाही, यकृताचा गंभीर आजार चालू आहे, किंवा दिवस गेलेत. यांपैकी काही असेल तर आधी ते. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम असेल तर, विशेषतः धमनीत गुठळी होऊन गेली असेल तर, रक्तविकारतज्ज्ञांच्या होकाराशिवाय एक थेंबही नको.

रक्त पातळ करण्याची गोळी कायमची चालू असेल तर मात्र उलट विचार होतो. गोळीचं संरक्षण आहे, तेव्हा त्वचेवाटे इस्ट्रोजेन देणं पुष्कळदा शक्य असतं. ही शक्यता कुणी मांडली नाही तर तुम्ही विचारा.

सुरू करण्याआधी रक्तदाब, वजन, साखर, चरबीचं प्रमाण, यकृताच्या तपासण्या, ओटीपोटाची सोनोग्राफी, स्तनांची तपासणी (४० नंतर मॅमोग्राफी) आणि जमल्यास हाडांची घनता मोजणारा डेक्सा. डेक्सा नंतर तुलनेसाठी लागतो, म्हणून पहिला आकडा सुरुवातीचा असलेला बरा.

चिठ्ठीत साधारण काय असतं

जेल ०.०६ टक्के असेल तर २.५ ग्रॅम जेलमध्ये १.५ मिलिग्रॅम इस्ट्राडिओल येतं. पंपाच्या बाटलीत हे बहुधा दोन दाब, ट्यूबमध्ये सोबतच्या मापपट्टीवरचं एक माप. सुरुवात सहसा इथून. ८० ग्रॅमची ट्यूब या हिशेबाने ३२ दिवस जाते. ट्यूब दीड-दोन महिने पुरत असेल तर माप कमी पडतंय असं समजा. पट्टी असेल तर २४ तासांत ५० मायक्रोग्रॅम सोडणारी, आठवड्यातून दोनदा बदलायची. तरुण वयात शेवटी ७५ ते १०० मायक्रोग्रॅमची पट्टी किंवा त्याच्या तोलाचं जेल लागू शकतं, पण गुठळीची पार्श्वभूमी असताना हळूहळूच वर जायचं. ५० च्या वरच्या पट्ट्यांनी पक्षाघाताचा धोका वाढल्याचं २०१० च्या एका ब्रिटिश अभ्यासात दिसलं होतं. वर जायचं की नाही हे दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावं.

गर्भपिशवी आहे तर प्रोजेस्टेरॉन, म्हणजे दुसरं स्त्री-हॉर्मोन, लागणारच. नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि वर्षानुवर्षांनी त्यातून कर्करोगही होऊ शकतो. गुठळीच्या दृष्टीने मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन सर्वांत सौम्य: रात्री झोपताना २०० मिलिग्रॅम, महिन्यातले १२ ते १४ दिवस, म्हणजे त्यानंतर पाळीसारखा रक्तस्राव येतो. किंवा १०० मिलिग्रॅम रोज. इस्ट्रोजेनची मात्रा वाढली तर हेही वाढवावं लागतं. घेतल्यावर गुंगी येते, म्हणून रात्रीच. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाणा तेल असतं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर सांगा. डायड्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम हा दुसरा पर्याय. लेव्होनॉर्जेस्ट्रेल या प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाची ५२ मिलिग्रॅमची टी गर्भपिशवीत बसवली तर पाच वर्षं अस्तराचं रक्षण होतं आणि गर्भनिरोधनही. हे दुसरं लहान समजू नका. पीओआयमध्ये ५ ते १० टक्के बायकांना आपोआप दिवस जातात, आणि हॉर्मोन उपचार गर्भनिरोधक नाही. गर्भपिशवी काढलेली असेल तर सहसा प्रोजेस्टेरॉन लागत नाही. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या अस्तरासारखा भाग पिशवीबाहेर वाढण्याचा आजार) होता तर विचारा.

जेल लावताना

आंघोळीनंतर, अंग पूर्ण कोरडं करून. कोकणातल्या दमट हवेत हा 'पूर्ण' शब्द महत्त्वाचा: पंख्याखाली पाच मिनिटं बसून मग लावा. ओल्या किंवा घामेजलेल्या कातडीवर जेल पसरतं, वाहतं आणि कपड्याला लागतं. दंडाच्या बाहेरच्या बाजूला किंवा मांडीच्या आतल्या बाजूला, पातळ थर देऊन, दोन हातांच्या तळव्यांएवढ्या जागेत पसरवा. चोळून जिरवू नका. स्तनांवर आणि योनीजवळ लावायचं नाही. दोन ते पाच मिनिटं सुकू द्या, मग कपडे. हात साबणाने धुवा. तासभर तो भाग भिजवू नका आणि तिथे खोबरेल किंवा क्रीम लावू नका. पहाटे अंगाला तेल लावायची सवय असेल तर जेल रात्रीवर न्या.

लहान मूल किंवा नात कडेवर घ्यायची असेल तर जेल मांडीला लावणं बरं, म्हणजे तासभर तरी त्या कातडीशी मुलाची कातडी लागत नाही. मुलांच्या अंगात हे औषध गेलं तर वेळेआधी वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात. जेलमध्ये अल्कोहोल असतं, सुकेपर्यंत चूल, गॅस आणि देवापुढची निरांजनं यांच्यापासून लांब. ट्यूब खिडकीत उन्हाला ठेवू नका.

इस्ट्राडिओलची पातळी तपासायला गेलात तर ज्या हाताला जेल लावता त्या हातातून रक्त देऊ नका. कातडीवरचं जेल सुईबरोबर नमुन्यात जातं आणि आकडा भलताच वर येतो. मग मात्रा उगीच कमी केली जाते.

पट्टी मिळत असेल तर ती कमरेखाली, नितंबाच्या वरच्या भागावर. साडीची गाठ आणि परकराची नाडी जिथे घासते तिथे ती दोन दिवसांत सुटते. तेल न लावलेल्या कातडीवर तळव्याने दहा सेकंद दाबून धरा, दर वेळी जागा बदला, आणि सोमवार-गुरुवार असे दोन वार ठरवून टाका. मे महिन्याच्या घामात पट्टी रोज सुटत असेल तर चिकटपट्ट्या लावत बसण्यापेक्षा जेलवर जा.

गणपतीत पाळी पुढे ढकलण्याची गोळी

याबद्दल आमचं मत ठाम आहे. गौरी-गणपतीच्या आधी मेडिकलमधून पाच मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या विकत आणून दिवसाला तीन घेणं गुठळीचा धोका असलेल्या बाईने टाळायलाच हवं. त्या मात्रेत या औषधाचा काही भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडिओलमध्ये बदलतो, म्हणजे आपण जे टाळतोय तेच मागच्या दाराने येतं. चक्राकार, म्हणजे महिन्यातले १२ ते १४ दिवसच, प्रोजेस्टेरॉन घेत असाल तर रक्तस्राव केव्हा येणार हे आपल्याच हातात असतं: दोन महिने आधी डॉक्टरांना तारखा दाखवा, ते कॅप्सूलचे दिवस मागेपुढे करून देतील. जास्त रक्त जातंय म्हणून घरात पडलेली ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळीही आपण होऊन घेऊ नका, ती गुठळी टिकवून धरणारं औषध आहे.

प्रवासाचंही गणपतीशी नातं आहे. मुंबईहून येणाऱ्या गाडीत बारा-चौदा तास बसणं होतं, आणि वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून बायका पाणीच पीत नाहीत. बसून राहणं आणि सुकलेलं शरीर, गुठळीला दोन्ही अनुकूल. चार तासांहून मोठ्या प्रवासात पाणी प्या, दर दोन तासांनी उतरून चाला, बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करत राहा. आधी गुठळी झालेली असेल तर घट्ट मोजे किंवा प्रवासापुरतं इंजेक्शन लागेल का ते विचारून निघा. ऑपरेशन ठरलं, पाय प्लास्टरमध्ये गेला, तापाने आठवडाभर अंथरूण धरलं, तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात गुठळीबद्दल सांगा.

धोक्याची खूण

एकच पाय सुजणं, पोटरी दुखणं, तिथे गरम आणि लाल होणं. एकाएकी धाप लागणं, श्वास घेताना छातीत कळ, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं. कधी नव्हे इतकं डोकं दुखून उलट्या, दिसण्यात फरक, झटका. यांतलं काही आलं तर १०८ ला फोन, सकाळची वाट पाहायची नाही.

कोकणात इथे दोन घोटाळे होतात. लावणीच्या दिवसांत चिखलात काम केल्यावर पोटऱ्या दुखल्या की लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. लेप्टोत ताप, डोळे लाल आणि बहुधा दोन्ही पोटऱ्या ठणकतात. गुठळीत एकच पाय सुजतो आणि ताप असला तर बारीक. पण दोन्हींत त्याच दिवशी दवाखाना. दुसरा घोटाळा हत्तीरोगाचा: ती सूज सावकाश, महिन्यामहिन्यांनी वाढते. काल नव्हती आणि आज आहे ती सूज हत्तीरोगावर ढकलू नका. आणि सुजलेली पोटरी तेल लावून चोळायची नाही, कितीही बरं वाटेलसं वाटलं तरी. नसेतली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

पहिले तीन महिने

वाफा साधारण चार आठवड्यांत कमी होऊ लागतात, पूर्ण अंदाज तीन महिन्यांनी येतो. छाती दुखरी होणं, पोट फुगल्यासारखं वाटणं सुरुवातीला होतं आणि बहुधा ओसरतं. अवेळी थोडं रक्त जाणं तीन ते सहा महिने चालतं. त्यानंतरही राहिलं किंवा नव्याने सुरू झालं तर सोनोग्राफी. तीन महिन्यांनी रक्तदाब आणि मात्रा पाहायची, मग वर्षातून एकदा. तीन महिन्यांतही फरक नसेल तर आधी माप, जागा आणि तेल हे तपासा, मग मात्रा.

वॉरफरिनवर असाल तर हॉर्मोन सुरू केल्यावर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, लवकर तपासून घ्या. पावसाळ्यात टाकळा, अळू, कुरडू, शेवग्याचा पाला रोज ताटात येऊ लागला की त्यातल्या के जीवनसत्त्वाने आयएनआर उतरतो. भाज्या सोडायच्या नाहीत. दर आठवड्याला साधारण सारख्या ठेवायच्या आणि हंगाम बदलताना एक तपासणी जास्त करायची. शतावरी किंवा कुठलीही काढ्याची बाटली या औषधांच्या जोडीने सुरू करायची तर डॉक्टरांना सांगून करा.

योनीतली कोरड आणि लघवीची जळजळ जेलने पुरती गेली नाही तर इस्ट्रिऑलचं क्रीम रात्री आत लावायला देतात, दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. ते जागच्या जागी काम करतं, रक्तात नगण्य जातं, गुठळीच्या भीतीने ते नाकारायचं कारण नाही. ज्यांना काहीच हॉर्मोन चालत नाहीत त्यांच्या वाफांवर व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिन उपयोगी पडतं, पण ती औषधं हाडं राखत नाहीत, तेव्हा हाडांसाठी वेगळा उपचार विचारावा.

हाडांसाठी दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, शक्य तितकं जेवणातून. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम मिळतं. काट्यासकट खाल्लेली बारकी मासळी चांगली. सुकं मात्र मिठाचं असतं, रक्तदाब असेल तर बेताने. ड जीवनसत्त्व रक्तात मोजून मगच गोळी. मशेरी आणि बिडी सोडल्याशिवाय हाडांचं हे गणित जुळत नाही.

पन्नाशीला पोचल्यावर उपचार आपोआप संपत नाही आणि आपोआप चालूही राहत नाही. तेव्हा गुठळी, स्तन, हाडं आणि त्रास हे चारही पुन्हा मांडून डॉक्टरांशी बोलायचं. तोवर पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: कोणतं इस्ट्रोजेन, किती, त्वचेवाटे, कोणतं प्रोजेस्टेरॉन, गुठळी कधी, कुठे, रक्त पातळ करण्याची गोळी कोणती, रक्तगट, घरच्या एका माणसाचा फोन. रात्री अपरात्री १०८ ने नेलं तर तिथल्या डॉक्टरांना हीच पहिली लागते.